उंबऱ्याबाहेरचे अप्पा

माझ्या पायाकडे न बघता पायाच्या पट्ट्याकडे बघणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला.

बाकीच्यांचं मला पाठ आहे. आधी पाय, मग चेहरा, मग पुन्हा पाय. मग "लहानपणी झालं का?" आणि मग त्यांच्या ओळखीतला एक मुलगा, जो पोलिओ झालेला असूनही कलेक्टर का कोण झाला. हा मुलगा महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराच्या ओळखीचा आहे. मला तेवढा तो अजून भेटलेला नाही.

सोलापुरात एका वाचनालयात तात्पुरती नोकरी लागली म्हणून मी खोली बघत हिंडत होते. एका घराच्या कट्ट्यावर कपाळभर भस्म लावलेला, उघड्या अंगाचा, अनवाणी म्हातारा बसला होता. मी फाटक ढकलून आत आले. माझ्या डाव्या पायाला बुटापासून मांडीपर्यंत दोन लोखंडी सळ्या असतात आणि त्या सळ्या पायाला आवळून धरणारे चार चामडी पट्टे. त्याला कॅलिपर म्हणतात. तो नसला तर मला उभं राहता येत नाही. म्हातारा टक लावून बघत राहिला. मी मनात म्हटलं, झालं, आता कलेक्टर येणार. पण तो उठला, माझ्यासमोर उकिडवा बसला, गुडघ्याखालच्या पट्ट्याला बोट लावलं आणि वर बघून कळवळून म्हणाला,

"काय हाल केलाव वो बाई ह्याचे!"

मला आधी कळलंच नाही, ह्याचे म्हणजे कुणाचे.

"पावसात भिजिवलाव. आन तसाच उनात टाकलाव. व्हय का न्हाय, खरं सांगा."

"भिजला होता एकदा," मी म्हटलं.

"तेल कधी दिलतं?"

"कसलं तेल?"

त्यांनी कपाळावर हात मारला आणि आत तोंड करून ओरडले, "अगं, खोली द्यायाची हाय गं! पट्टा लई उपाशी हाय!"

अशी मला खोली मिळाली. माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, म्हणून मीही अप्पा म्हणू लागले. घरात कानडी, दारात मराठी, आणि स्वतःशी बोलायचं झालं की दोन्ही. अप्पा एका कापड गिरणीत कामाला होते. ती कधीच बंद पडली. त्यांचं काम मला नीट समजायला महिना गेला. जुन्या गिरणीत म्हणे प्रत्येक मागाला वेगळी मोटर नसायची. छताखालून एक लांबच लांब लोखंडी दांडा फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका मागावर उतरायचे. पट्टा सैल पडला की माग थांबला. तर हे पट्टे ताणायचे, तुटले की चामड्याच्या वादीनं जोडायचे आणि त्यांना तेल पाजायचं, हे अप्पांचं काम.

"आख्खी मिल कातड्यावर चालायची, बाई," ते सांगायचे. "लोकं म्हणायची इंजनावर चालालीय. म्हणू द्या की."

गिरणी बंद झाली त्या दिवशी गेटवर सगळे भांडत होते. कुणी साहेबाची गाडी अडवली, कुणी रडत होता. अप्पांनी त्या गर्दीतून वाट काढली आणि साहेबाकडे साडेतीन हात पट्टा मागितला. शेवटच्या दिवसापर्यंत फिरत होता त्या पट्ट्याचा तुकडा. साहेबाला वाटलं हा माणूस भ्रमिष्ट झाला. तो म्हणाला घेऊन जा बाबा. तो तुकडा घरामागच्या पत्र्याच्या खोलीत एका गोल लाकडावर टाकलेला असायचा. त्याला घडी घालायची नाही, खिळ्याला अडकवायचा नाही. वर धुतलेलं पांढरं धोतर. दर अमावास्येला तेल. पंचवीस वर्षं. अप्पांच्या बायको, म्हणजे अक्का, मला म्हणायच्या, "मिल पुन्ना उघडंल आन ह्यास्नी बोलावणं यील, म्हणून पाजालेत बघ तेल."

मी एकदा विचारलं, "अप्पा, हा कशासाठी ठेवलाय?"

"सांबाळाय," अप्पा म्हणाले. मला वाटलं पुढे काही सांगतील, पण त्यांचं उत्तर संपलं होतं.

ते तेल बाजारातलं नव्हे. अंगणात चूल मांडून अप्पा करडईचं तेल लोखंडी कढईत तासन् तास आटवायचे, काळं आणि दाट होईपर्यंत, आणि त्यात मेण विरघळवायचे. विहिरीवरच्या मोटेला आणि नाड्याला त्यांचे आजोबा असलंच तेल लावायचे. कच्चं तेल लावलं की पट्टा चिकट होतो, धूळ धरतो. आटवलेलं तेल आत मुरतं. त्या वासानं गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. अक्का पदर नाकाला लावून उंबऱ्यात उभ्या राहायच्या. "माणसास्नी भाजीत घालाय तेल पुरंना आन चपलांचा सण चालालाय हितं!" अप्पांना ऐकू जायचं नाही. हे न ऐकण्याचं त्यांचं कसब बहुतेक अक्कांच्या बाबतीतच चालायचं.

अमावास्येला गल्लीतल्या सगळ्यांनी आपापलं चामडं घेऊन यायचं, असा त्यांचा हुकूम होता. पट्टे, पाकिटं, चपला, एका निवृत्त पोस्टमनची पिशवी. अप्पा एकेक वस्तू उलटी करून पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूनं, बघायचे आणि मालकाला शिव्या द्यायचे. पॉलिशवर त्यांचा विशेष राग. "उपाशी माणसाच्या तोंडाला पावडर लावालाव. पोटात काय गेलं त्याच्या?" चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणारा माणूस त्यांच्या लेखी खुनी. "श्वास कोंडला की त्याचा!" आणि एकच जोड रोज घालणाऱ्याला ते विचारायचे, "बैल सोडतोस का न्हाय शेतकरी असून? मग ह्याला एक दिवस सोड." मला ते एक दिवसाआड कॅलिपर घाला म्हणाले नाहीत एवढंच. पण रोज संध्याकाळी तो काढला की पट्टे सुक्या फडक्यानं पुसायचे आणि सावलीत वाऱ्याला ठेवायचे, हे मला करावंच लागे. न पुसता झोपले तर त्यांना कसं कोण जाणे, सकाळी कळायचं.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. "त्यो आला हुता तुमच्याकडं," ते मला सांगायचे. "त्यो तपकिरी, डावी टाच झिजलेला." आणि मला माणूस बरोबर कळायचा.

लग्नाला गेले की अप्पा मांडवात बसायचेच नाहीत. दारात चपलांचा ढीग असतो तिथे खाली बसायचे आणि उन्हातल्या चपला सावलीत, एकमेकींवर पडलेल्या वेगळ्या, असं करत राहायचे. वर मुंडावळ्या, खाली अप्पा. एकदा मंद्रूपच्या एका लग्नात एका पाहुण्यानं त्यांच्या हातात बूट दिले आणि टोकन मागितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांनी बूट उलटा केला, आतून वास घेतला आणि म्हणाले, "टोकन न्हाय, पण जेवण हुईस्तवर ह्ये वाळतील. मोजं बदला आदी." पाहुणा गुमान मोजे काढून गेला.

खंडेनवमीला लोक हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात. अप्पा पाटावर पांढरा कपडा टाकून गल्लीतल्या चपला मांडायचे. मधे गिरणीचा पट्टा आणि त्याच्या शेजारी, पहिल्या वर्षापासून, माझा कॅलिपर. तेवढा वेळ मी खाटेवर बसून राहायचे. आयुष्यभर मी ज्याला लोढणं म्हटलं त्याला झेंडूचं फूल वाहिलेलं बघून मला हसू यायचं आणि रडूही. दोन्ही एकदम होतं, त्याला मी काय करू?

स्वतः मात्र अनवाणी. सोलापूरच्या मे महिन्यात, डांबर मऊ झालेलं असताना, अनवाणी. कुणी विचारलं तर टाच वर करून दाखवायचे. "ह्ये देवानं दिलेलं हाय की. ह्यालाबी तेल देतो मी."

अप्पा जाऊन काही वर्षं झाली. गेले त्या दिवशी घरासमोर माणूस मावत नव्हता. मी काठी टेकत फाटकापाशी आले आणि बघितलं तर दारात चपलांचा ढीग नव्हता. सगळे जोड भिंतीच्या कडेला, सावलीत, एकमेकांना न चिकटता ओळीनं लावलेले होते. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मी तोवर रडले नव्हते, तिथे रडले.

पण मला सांगायचंय ते त्याच्या खूप आधीचं.

अप्पांच्या घरात एक उंबरा होता आणि त्या उंबऱ्याच्या आत चामडं जात नसे. हा अक्कांचा नियम. अप्पासुद्धा पट्ट्यांना हात लावला की आंघोळ केल्याशिवाय आत जायचे नाहीत. अमावास्येला तर दोनदा. अक्कांची माझ्यावर माया होती. भाकरी, शेंगाची चटणी, सणाला पोळी, सगळं माझ्या दारात यायचं. दोन वर्षं मी त्या बाईच्या हातचं जेवले, पण तिची चूल मी बघितलेली नव्हती. कॅलिपर काढला तर मला जमिनीवरून सरकत जावं लागतं. आणि सरकत कुणाच्या घरात जायचं नाही, हे मी दहाव्या वर्षीच ठरवलेलं होतं.

एका शुक्रवारी अक्कांकडे बायका हळदीकुंकवाला आल्या. त्या आत बसल्या, मी बाहेर कट्ट्यावर. अक्कांनी उंबऱ्यात येऊन, वाकून, मला कुंकू लावलं. मी हसून घेतलं. मला सवय होती. अप्पांना नव्हती.

बायका गेल्यावर ते अंगणातून म्हणाले, "अगं, देवळातला नगारा कशाचा हाय गं?"

"कशाचा म्हंजी?" अक्का आतून.

"कातड्याचा हाय का न्हाय?"

"त्यो देवाचा हाय."

"मग ही पोरगी कुणाची हाय?"

नंतर कितीतरी दिवस अक्का माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या. मी अप्पांवर चिडले. माझी वकिली करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं, असं तोंडावर म्हटलं. अप्पांना तेही ऐकू गेलं नाही.

त्याच सुमाराला वाचनालयातल्या ग्रंथपालाची जागा रिकामी झाली. मी तात्पुरती होते, पण काम सगळं मीच करत होते. शिक्षण होतं, दोन वर्षांचा अनुभव होता. अडचण होती एका जिन्याची. वाचनालयाच्या दालनात वरती सज्जा आहे, तिथे जुनी पुस्तकं असतात आणि तिथे जायला बावीस पायऱ्यांचा अरुंद लोखंडी जिना. वरचं पुस्तक कुणी मागत नसे, म्हणून मी कधी चढले नव्हते. अध्यक्ष अतिशय मृदू बोलणारे गृहस्थ. "तुमच्या काळजीपोटीच म्हणतो," ते म्हणाले, "ग्रंथपालाला वर जावं लागणार. उद्या पडलात बिडलात तर?" आणि मग त्यांनी कुणाचं नाव काढलं असेल? कलेक्टरचं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सोमवारी अकरा वाजता समितीला घेऊन या. तुम्ही सांगाल ते पुस्तक वरून काढून देते. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला द्या, मी तात्पुरतीसुद्धा राहणार नाही."

बोलून बसले. घरी येईपर्यंत बावीसपर्यंत कितीदा मोजलं कोण जाणे. ती नोकरी गेली असती तर मला परत गावी जाऊन भावाच्या घरात एका कोपऱ्यात बसावं लागलं असतं, आणि तो कोपरा त्यांनी तयारच ठेवला होता. अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "चढायाचं तुमी बघा. पट्ट्याची काळजी करू नगा. आता खाऊनपिऊन सुखी हाय त्यो."

गुरुवारी वाचनालयाला सुट्टी. मी आंघोळ केली, कॅलिपर दारापाशी वाऱ्याला ठेवला आणि दुपारी बारालाच झोपले. चारला उठले तर कॅलिपर जागेवर नाही. मी हाका मारणार तेवढ्यात अक्का आल्या. हातात कॅलिपर आणि चेहऱ्यावर असा आनंद, की त्या मला पहिल्यांदाच एवढ्या तरुण दिसल्या.

"बघ गं पोरी, कसं सोवळं केलंय!"

त्यांनी माझे पट्टे कढत पाण्यात सोडा घालून रिठ्यानं घासले होते. वरून गोमूत्र शिंपडलं होतं. आणि गच्चीवरच्या पत्र्यावर, मे महिन्याच्या उन्हात, दोनपासून चारपर्यंत वाळवले होते.

"उद्या शुक्रवार हाय. बायका जेवाय यायच्या हायत. आता तूबी आत ये. लई दिवस मनात हुतं गं माज्या. कसं करू कळंना झालतं."

पट्टे तळलेल्या पापडासारखे वळले होते. मांडीचा पट्टा, ज्याच्यावर माझा सगळा भार असतो, त्याला भोकांपाशी तडे गेले होते. नवीन करायचा तर पुण्याला जाऊन माप द्यायचं आणि महिनाभर थांबायचं. आणि सोमवार चार दिवसांवर. मी किंचाळले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अक्कांचा चेहरा पडला आणि तेव्हा मला त्यांचे हात दिसले. सोड्यानं आणि गरम पाण्यानं लाल झालेले. जिनं जन्मात चामड्याला बोट लावलं नव्हतं, तिनं दोन तास माझे पट्टे घासले होते. मग आम्ही दोघीही रडायला लागलो, माझ्या खोलीच्या दारात, मी जमिनीवर बसून.

अप्पा बाहेरून आले. पट्टा बघितला. आता आभाळ कोसळणार, असं मला वाटलं. पोस्टमनच्या पिशवीसाठी ते घसा बसेपर्यंत ओरडले होते. पण त्यांनी अक्कांचे हात बघितले आणि हळू म्हणाले, "आदी तुज्या हाताला तेल लाव जा."

मग कॅलिपर मांडीवर घेऊन ते कट्ट्यावर बसले. "तहान आदी, भूक मागनं," एवढंच बोलले. जुनं धोतर भिजवून, पिळून, त्यात पट्टे गुंडाळले. शुक्रवारी सकाळी सोडले. अजून ओलसर होते, तेव्हा आटवलेलं तेल बोटानं, अगदी थोडं थोडं, पोटाकडून. मग लाकडावर घोळवून हातानं मळायचं. त्यांना गोल, गुळगुळीत लाकूड हवं होतं. अक्कांनी आतून स्वतःचं लाटणं आणून दिलं. ते लाटणं पुन्हा स्वयंपाकघरात गेलं नाही, पण दिलं त्यांनी. शुक्रवारच्या बायकांना त्यांनी जेवणच नाही म्हणून कळवलं. कारण काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही.

शनिवारी दुपारपर्यंत तीन पट्टे मऊ होऊन वाकू लागले. चौथा, मांडीचा, अप्पांनी दोन्ही हातांनी ओढून बघितला आणि तो भोकांच्या ओळीत फाटला. साधा आवाजही झाला नाही. मी म्हटलं, "राहू द्या अप्पा. मी समितीला कळवते." मला खरंच तसं वाटलं होतं. भावाचा कोपरा मला दिसायला लागला होता.

अप्पा उठले. पत्र्याच्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा हातात पांढऱ्या धोतरासकट गिरणीचा पट्टा होता. त्यांनी तो कट्ट्यावर पसरला. त्याच्यावर तळहात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग माझ्या मांडीचं माप घेतलं सुतळीनं, आणि चामडं कापायची रापी काढली.

मी वेड्यासारखं विचारलं, "अप्पा, मिल उघडली तर?"

"ही काय," अप्पा म्हणाले, "उघडली की."

आणि पट्टा कापला. पंचवीस वर्षं बिनकामाचं पडलेलं चामडं, पण रापी कुठे अडली नाही, कड कुठे सुटली नाही. गिरणीत जोडायचे तसं त्यांनी ते वादीनं कॅलिपरला जोडलं. रविवारी मी तो घालून अंगणात फेऱ्या मारल्या. अप्पा कट्ट्यावर बसून डोळे मिटून ऐकत होते. दोनदा म्हणाले, "एक भोक आत घ्या." तिसऱ्यांदा म्हणाले, "छलो अद." म्हणजे कानडीत 'चांगलं आहे'. ही त्यांची सगळ्यात मोठी पदवी होती आणि ती मी त्यांच्या तोंडून तोवर कुणाला मिळालेली ऐकली नव्हती.

सोमवारी मी म्हटलं, तुम्हीही चला. "माजं काय काम?" अप्पा म्हणाले. "पट्टा येतोय की."

समितीचे तिघं टेबलाशी बसले होते. अध्यक्षांनी मृदूपणे, वर मागच्या भिंतीला असलेल्या कपाटातला एक जुना चामडी बांधणीचा शब्दकोश मागितला. म्हणजे सगळ्यात दूरचं, सगळ्यात जड. मी खांद्याला झोळी अडकवली आणि कठडा धरला. चढताना चांगला पाय आधी, मग दुसरा वर ओढायचा. ओढताना भार मांडीच्या पट्ट्यावर. पहिल्या पायरीला मी कान दिला. कुरकुर नाही. पाचव्या पायरीला घाम आला. अकराव्या पायरीला खाली बघितलं, ती चूक झाली. मग मी डोळ्यांसमोर गिरणी आणली. छताखालचा फिरणारा दांडा आणि त्यावरून उतरलेला हा पट्टा, ज्यानं आयुष्यभर माग ओढले. मी एवढीशी बाई त्याला काय जड? सतरा, अठरा, एकोणीस. बाविसावी पायरी चढून मी सज्ज्यात उभी राहिले तेव्हा खालून कुणी टाळी वाजवली नाही, पण मला गरज नव्हती.

कपाट उघडलं. शब्दकोश प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवला होता. बाहेर काढला तर माझे हात सडलेल्या चामड्याच्या लाल भुकटीनं माखले. मी तो झोळीत घातला, बावीस पायऱ्या उतरले, अध्यक्षांसमोर टेबलावर ठेवला आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते माझं नव्हतं.

"काय हाल केलेत हो ह्याचे!"

अध्यक्ष दचकले.

"प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलंय? श्वास कोंडला की ह्याचा! हे बघा, हात बघा माझे. शेवटचं वर कोण गेलं होतं?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यापैकी कुणीही, कधीही, तो जिना चढलेलं नव्हतं. मी आणखी दहा मिनिटं बोलले. सावली, वारा, कोरडं फडकं. अध्यक्षांनी दोनदा "बरोबर आहे" म्हटलं आणि एकदा "चुकलंच" म्हटलं. कलेक्टर त्या दिवशी आला नाही. त्याच आठवड्यात पत्र मिळालं. मी आजही तिथेच ग्रंथपाल आहे आणि आज माझा कॅलिपर हलका, नव्या पद्धतीचा असला तरी मांडीचा पट्टा तोच आहे. दर अमावास्येला मी तो पाजते.

त्या सोमवारी मी रिक्षातून उतरले तर अप्पा कट्ट्यावर. "झालं का?" वगैरे काही विचारलं नाही. वाकले, मांडीच्या पट्ट्याची कड दोन बोटांत धरली. "घाम आलाय. पुसा आदी." मग जोडाच्या वाद्या एकेक करून तपासल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या. तेव्हा कुठे वर बघितलं, आणि मी मान हलवली. अप्पांचे डोळे भरले. त्यांनी ते भुवईचा घाम पुसल्यासारखे पुसले.

"बाहेर काय उभी करून ठेवलाव तिला?" आतून अक्कांचा आवाज आला. "आत ये गं."

मी उंबऱ्यापाशी थांबले. "अक्का, पट्टा..."

"दिसालाय मला," अक्का म्हणाल्या. त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा होता. त्यांनी मला कुंकू लावलं, मग वाकून, एक बोट त्या मिलच्या पट्ट्याला लावलं. "नगाऱ्याला कोण इचारतंय का कातडं हाईस म्हणून? ये."

चांगला पाय आधी, मग दुसरा. माझा बूट त्यांच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर टक्‌ करून वाजला. मी दोन वर्षं जेवत होते ती चूल बघितली. अगदी साधी होती, शेजारी भाकरीची चवड, कोपऱ्यात एक नवीन लाटणं. अक्कांनी माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती आणि ताटात शेंगाची पोळी.

माझ्यामागून अप्पाही मोठ्या आनंदानं आत यायला निघाले.

"तुमी कुटं?" अक्कांनी हात आडवा केला. "आत्ताच कातड्याला हात लावलाव की! आदी आंगुळ!"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मांडीपासून बुटापर्यंत चामड्यानं आवळलेली मी, चुलीपाशी, पोळी खात होते. ते स्वतः उंबऱ्याबाहेर, अनवाणी, हात पुढे धरून उभे. आणि तो माणूस, सांगते, असा खुशीत हसला, की तसं हसताना मी कुणाला त्यानंतर बघितलेलं नाही.

"छलो अद," म्हणाले, आणि बादली भरायला गेले.